आप्पांना वस्तीवरून हलवताना



ज्वारी तीन आठवड्यांची झाली, पहिली कोळपणी या आठवड्यात उरकली. त्याची नोंद पुढच्या वेळी फोटोसकट टाकतो. आजची नोंद पिकाची नाही, माणसाची आहे. लांबलचक झालीय. ज्यांच्या घरी किंवा वस्तीवर एकटं, तापट म्हातारं माणूस आहे त्यांनी सवडीनं वाचा.

गेली दोन वर्षं माझं सगळ्यात जास्त डोकं ज्या कामात गेलं ते काम म्हणजे माझ्या चुलत्यांना, आप्पांना, शेतातल्या वस्तीवरून आमच्या घरी आणणं. अंतर फक्त दीड किलोमीटर. आमच्याच रस्त्याला अशा पाच वस्त्या आहेत जिथं पोरं चाकणला नाहीतर पुण्याला, आणि इथं एक म्हातारा, एक जनावर, एक कुत्रं. सगळीकडं तेच बोलणं ऐकू येतं: "लई समजावलं, पण ऐकतच न्हाईत." म्हणून आम्हाला जे जमलं ते कसं जमलं, तेवढं लिहून ठेवतो.

आप्पांचं वय आता ८२. चुलती जाऊन पाच वर्षं झाली. मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात त्यांची वस्ती. माळवदाचं जुनं घर, पुढं पडवी, बाजूला गोठा, गोठ्यात एक खिलार गाय. उन्हाळ्यात तिथं जायला काही अडचण नाही. पाऊस पडला की मात्र आपल्या काळ्या रानाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. गाडी रस्त्यावर लावायची, चपला हातात घ्यायच्या आणि दोन्ही पायांना दोन-दोन किलो चिखल घेऊन चालायचं. सलग पाऊस लागला की दोन-तीन दिवस कुणी तिकडं फिरकत नाही.

आणि स्वभाव. आप्पा पहिल्यापासून तोंडाचे कडक, पण चुलती गेल्यावर ते वाढतच गेलं. डबा नेला तर भाकरी जाड, भाजी खारट. नाही नेला तर "मेलो का बघायला तरी यायचं." स्वयंपाकाला बाई लावली, तिला आठ दिवसांत पळवली. दुसरी लावली, तिनं चार दिवसांत हात जोडले. शेजारच्या वस्तीवरचे एक म्हातारबा रोज संध्याकाळी बसायला यायचे, त्यांच्याशी बांधावरच्या बाभळीवरून भांडण. मग एकटेच बसायचे आणि कुणी येत नाही म्हणून सगळ्यांना शिव्या द्यायचे.

त्यांचा मुलगा, माझा चुलतभाऊ, चाकणला कंपनीत आहे. चौथ्या मजल्यावर फ्लॅट. दोनदा घेऊन गेला. पहिल्या वेळी आप्पा अकरा दिवस टिकले, दुसऱ्या वेळी सहा. दुसऱ्या वेळी तर कुणाला न सांगता एसटीत बसून परत आले. विचारलं तर म्हणाले, "तिथं सकाळी उठून करायचं काय? भिंतीकडं बघायचं?"

गेल्याच्या गेल्या वर्षी भाद्रपदात रात्री ते लघवीला उठले आणि गोठ्याजवळ घसरून पडले. मोबाईल घरात उशाला. उजवं मनगट मोडलं होतं, उठता येईना. सकाळी दुधाचा पोरगा आला तोपर्यंत चिखलातच पडून होते. खुबा वाचला हे नशीब.

त्यानंतर घरात बैठक झाली. चुलतभाऊ आला, चुलतबहीण सांगोल्याहून आली. सगळ्यांचं एकच: आता इथं ठेवायचं नाही. भाऊ म्हणाला गाय विकू, घराला कुलूप लावू, मी चाकणला नेतो. आप्पा खाटेवर प्लास्टर घेऊन बसलेले, आणि आम्ही चौघं त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी असं बोलत होतो की जणू खाटेवर पोतं ठेवलंय. शेवटी ते ओरडले, "मला कुठं न्यायचं न्हाई. मेलो तर इथंच जाळा." भाऊपण चिडला. रात्री तो अंगणात मला म्हणाला, "दादा, उद्या काही झालं तर लोक मलाच विचारणार ना?" त्याचंही खरं होतं.

प्लास्टर होतं ते सहा आठवडे मी रात्री वस्तीवर झोपायला गेलो. "राखण करायला आलास का?" असं रोज ऐकून घेतलं. पण त्या सहा आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली. आप्पांचा नकार एका गोष्टीचा नव्हता. "न्हाई येणार" या दोन शब्दांत तीन निरनिराळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या होत्या: शरीर, भीती आणि काम. पीक पिवळं पडलं म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. पाणी साचलंय का, मुळं कुजलीत का, लोह कमी पडलंय का, हे आधी बघतो. इथंही तेच करावं लागलं.

पहिलं, शरीर

मनगटाच्या निमित्तानं दवाखान्यात जाणं-येणं होतंच, तेव्हाच सगळी तपासणी करून घेतली. ऐकू येणं बरंच कमी झालेलं निघालं. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती मला नवीन होती. वयानं कान जातात तेव्हा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. म्हणजे बायकांचा आणि लहान पोरांचा आवाज आधी अस्पष्ट होतो. आता कळलं की आप्पांचं निम्मं भांडण माझ्या बायकोशी आणि पोरीशीच का व्हायचं. "तोंडातल्या तोंडात काय बोलता" हे त्यांना खरंच तसं वाटायचं. आपण मग ओरडून बोलतो. ओरडलं की शब्द कळत नाही, राग मात्र कळतो. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश आणि जाड आवाजात बोलायचं. एवढ्यानंच फरक पडला.

श्रवणयंत्र घेतलं. पहिले पंधरा दिवस ते खिशातच राहिलं, कारण लावलं की भांड्यांचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा येतो. रोज अर्धा तास, मग एक तास, असं करत तीन महिन्यांनी ते दिवसभर लावायला लागले.

रक्तात बी-१२ कमी निघालं. बीपीची गोळी घेऊन एकदम उठलं की चक्कर यायची, तीही डॉक्टरांनी बदलून दिली. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आणि डॉक्टर आणखी एक बोलले: म्हातारपणातली उदासी बऱ्याचदा रडण्यातून दिसत नाही, चिडचिडीतून दिसते. झोप उडते, जेवण कमी होतं, हे दुखतं ते दुखतं चालू होतं, आणि आपण म्हणतो स्वभावच तसा आहे. चुलती गेल्यापासून आप्पा नीट झोपलेच नव्हते, हे मला त्या सहा आठवड्यांत शेजारच्या खाटेवर झोपूनच कळलं. त्यासाठीही औषध चालू झालं.

एवढं करून आप्पा गोड झाले का? नाही. पण जो राग शरीरातून येत होता तेवढा कमी झाला. उरलेला राग कशाचा, हे मग स्पष्ट दिसायला लागलं.

दुसरं, भीती

एका रात्री आप्पा अंधारात म्हणाले, "माणूस एकदा जाग्यावरून उठला की संपलं. मग कागद पुढं येत्यात."

आपल्या भागात हे खोटं नाही. म्हाताऱ्याला घरी आणायचं, चार दिवस गोडधोड घालायचं आणि पाचव्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न्यायचं, हे सगळ्यांनी बघितलंय. आप्पांच्या नावावर सव्वाचार एकर आहे. त्यांना घर सोडायची भीती नव्हती, सातबाऱ्यावरून नाव जायची भीती होती. आणि ते आम्हाला तोंडावर विचारू शकत नव्हते, कारण विचारलं तर आमच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं.

मी चुलतभावाला फोन केला. त्याला आधी राग आला, म्हणाला माझ्यावर संशय? मग तो गप्प झाला. पुढच्या शनिवारी तो आला, बहिणीलाही बोलावून घेतलं, आणि तिघांनी आप्पांसमोर बसून सांगितलं: सातबारा तुमच्या नावावर आहे आणि तुम्ही आहात तोवर तसाच राहील. कुणीही तुमच्याकडं सही मागणार नाही. मागितली तर देऊ नका, आम्ही मागितली तरी. रान मी करीन, पूर्वीसारखं निम्म्या वाट्यानं, आणि तुमच्या वाट्याचे पैसे तुमच्याच खात्यावर येतील.

आप्पा काही बोलले नाहीत. उठून गायीला वैरण टाकायला गेले. पण त्या दिवसापासून "मेलो तर इथंच जाळा" हे वाक्य बंद झालं.

कायद्याचंही थोडं सांगतो, कारण हे दोन्ही बाजूंनी माहीत असायला हवं. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा २००७ चा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळायच्या अटीवर म्हाताऱ्यानं जमीन किंवा घर नावावर करून दिलं आणि पुढं सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. आपल्याकडं यासाठीचं न्यायाधिकरण प्रांत अधिकाऱ्यांकडं असतं. पण सांभाळाची अट कागदात स्पष्ट लिहिलेली असावी, नाहीतर भांडण लांबतं. कुणी वडीलधारं बक्षीसपत्र करत असेल तर त्यांना एवढं आवर्जून सांगा.

तिसरं, काम

हे सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं.

आप्पांनी साठ वर्षं कोरडवाहू रब्बी केली. मालदांडी, करडई, हरभरा. वापसा आला का हे ते मूठभर माती दाबून सांगायचे. पाभर कधी जुंपायची हे त्या वस्तीवर ठरायचं. आता हवामानाचा अंदाज मोबाईलवर, पेरणी ट्रॅक्टरवर, बियाणं दुकानातून. वस्तीवर जाऊन आम्ही त्यांना विचारायचो काय? "जेवला का? गोळी घेतली का? संडासला झालं का?" दिवसातून तीन माणसं हेच तीन प्रश्न विचारणार. साठ वर्षं ज्यानं दुसऱ्यांना कामं सांगितली, त्याला आता कुणी एक कामाचा प्रश्न विचारत नाही. चिडणार नाही तर काय?

वस्ती म्हणजे त्यांच्या हातात उरलेलं शेवटचं काम होतं. गाय, तिची वैरण, रानावर नजर, राखण. तिथून उठवलं की माणूस नुसता जेवणारा उरतो. चाकणच्या भिंतीविषयी ते जे बोलले होते त्याचा अर्थ हाच.

म्हणून मी त्यांना विचारायला सुरुवात केली. पण एक सांगतो, नाटकी विचारणं चालत नाही. चुलतबहिणीनं एकदा "आप्पा, सांगा बरं ज्वारी कशी आलीय?" असं बारक्या पोराला विचारतात तसं विचारलं. "मला खेळवू नकोस" म्हणून तिला जे सुनावलं ते तिच्या लक्षात राहिलं. प्रश्न खरा पाहिजे, आणि उत्तर मिळाल्यावर त्याप्रमाणं काम झालं पाहिजे.

खरा प्रश्न माझ्याकडं होता. तिसरी कोळपणी करायची का? मजूर नाही, बैल नाहीत, म्हणून आमच्या शिवारात बऱ्याच जणांनी ती सोडलीय. राहुरी विद्यापीठाची शिफारस आपल्याला पाठ आहे: पहिली तीन आठवड्यांनी, दुसरी पाच, आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात आणि ओल उडत नाही. आप्पांना विचारलं. म्हणाले, "वरच्या तुकड्यात सोड, तिथं मुरूम लागतो, भेग पडत न्हाई. खालच्या दोन एकरांत सोडलीस तर दाणा भरणार न्हाई." तसंच केलं. बैलजोडी भाड्यानं आणली, आप्पा बांधावर काठी घेऊन उभे, कोळप्याचे दात कुठं बोथट झालेत हे त्यांनीच दाखवलं. एका जागी कोळपलं नव्हतं, तिथली आणि बाजूची ज्वारी पुढं वेगळी दिसत होती. हे मी त्यांना मुद्दाम रानात नेऊन दाखवलं नाही. त्यांनी आधीच बघितलं होतं.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला पाच-सहा वेळा फोन करून कामं सांगितली. शिव्यांसकट. पण फोन केला, हे महत्त्वाचं.

मग हलवलं कसं

मोठं झाड दुसरीकडं लावायचं असेल तर आपण जेसीबीनं एका दिवसात उपटत नाही. आधी काही महिने बुंध्याभोवती चर खणतो, एका वेळी एक बाजू. तुटलेल्या जागी आतल्या मातीच्या गड्ड्यात नवी तंतुमुळं फुटू देतो. फांद्या थोड्या छाटतो. पाऊस धरून हलवतो, आणि जमलं तर जी बाजू दक्षिणेला होती ती दक्षिणेलाच ठेवतो. वर्षभर आधार आणि पाणी. माणसाचंही मला असंच वाटलं, म्हणून घाई केली नाही.

जानेवारीपासून ते दुपारच्या जेवणाला आमच्याकडं यायला लागले. डबा नेण्याऐवजी मीच त्यांना गाडीवर आणायचो, जेवून तासभर पडायचे, परत. हुरड्याच्या दिवसांत आगटी आमच्या रानात लावली आणि ती त्यांनीच पेटवली, कणसं भाजायला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मार्चमध्ये गाय व्यायली. कालवडीला आणि गायीला चारा-पाण्याच्या सोयीसाठी आमच्या गोठ्यात आणायचं त्यांनीच ठरवलं, कारण वस्तीवरच्या बोअरचं पाणी आटलं होतं. गाय इकडं आल्यावर त्यांचे दोन वेळचे हेलपाटे आपोआप इकडं सुरू झाले.

मे महिन्यात खोली तयार केली. घरातली सगळ्यात चांगली खोली दिली नाही, कारण ती आत होती. त्यांना रस्त्याकडची बारकी खोली दिली, जिचं दार थेट ओट्यावर उघडतं. म्हणजे घरातून न जाता येता-जाता येतं, आणि ओट्यावरून त्यांच्या रानातलं लिंबाचं झाड दिसतं. संडास सहा पावलांवर, आत बसायचा कमोड, भिंतीला धरायला पाइप, रात्रभर बारीक दिवा, फरशी खरखरीत. उशाला मोबाईल नाही, गळ्यात दोरीला बांधलेला साधा बटणांचा फोन. खोलीत चहापुरती शेगडी. माझ्या बायकोचा शेगडीला विरोध होता, पण तीच म्हणाली, ज्याला स्वतःचा चहा करता येतो तो पाहुणा नसतो. रोज सकाळी तीच गॅसचं बटण बघते.

मृगाच्या तोंडावर मी त्यांना म्हणालो, "आप्पा, पावसाचे चार महिने इकडं राहा. दिवाळीला वाटलं तर परत जावा. घराला कुलूप तुम्हीच लावा, किल्ली तुमच्याकडं." किल्ली त्यांनी करगोट्याला बांधली. सामानात काय न्यायचं हे विचारलं तर एक खाट, रेडिओ, कुदळ, आणि चुलतीचा पानाचा डबा. आप्पा पान खात नाहीत.

मी त्यांना दिलेला शब्द खरा होता. दिवाळीला ते म्हणाले असते तर मी त्यांना परत वस्तीवर नेऊन सोडलं असतं, आणि पुन्हा रात्री झोपायला गेलो असतो. हे चुलतभावालाही आधी सांगून ठेवलं होतं. शब्द खोटा असता तर त्यांनी तो ओळखला असता. आमच्या रस्त्याला एका म्हातारीला दवाखान्याच्या नावानं नेलं ते परत आणलंच नाही, मागं घराची कौलंही उतरवली. ती म्हातारी नंतर कुणाशी बोलेनाशी झाली. म्हाताऱ्या माणसाला फसवून हलवता येतं, पण नंतर त्याला आपल्या हातचं पाणीही कडू लागतं.

आल्यानंतर

पहिले दोन महिने वाईट गेले. रात्री उठून गाय कुठाय म्हणून वस्तीच्या दिशेनं चालायला लागायचे. नव्या जागेत म्हातारं माणूस गोंधळतं, हे डॉक्टरांनी आधी सांगून ठेवलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. खाटेचं डोकं वस्तीवर जसं पूर्वेला होतं तसंच केलं, खोलीतल्या वस्तू रोज त्याच जागी. हळूहळू बसलं.

भांडणं चालूच राहिली आणि ती सोसली माझ्या बायकोनं. मी सकाळी रानात जातो, घरात तीच असते. हे लिहिल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. म्हाताऱ्याला सांभाळलं असं आपण पुरुष माणसं सांगतो, आणि भाकरी, कपडे, बोलणी हे सगळं दुसऱ्याच्या वाट्याला असतं. तिनंच एक दिवस मला सांगितलं, "मामंजी माझ्यावर रागवत न्हाईत. दिवस मावळायला लागला की रागावतात." खरंच, चुलती गेली ती संध्याकाळीच. आता दिवस मावळायच्या आधी ओट्यावरचा दिवा लागतो, चहा होतो, आणि पोरगी त्यांच्याकडून कालवडीला पाणी पाजून घेते. भांडण पूर्ण थांबलं नाही, पण तासावरून पाच मिनिटांवर आलं.

तिला सुट्टी मिळावी म्हणून सरळ वाटणी केली. चुलतभाऊ महिन्याला ठरलेली रक्कम पाठवतो, आणि महिन्यातून एकदा दोन दिवस येतो. त्या दोन दिवसांत आप्पांचं सगळं तोच बघतो, अंघोळीपासून. चुलतबहीण दिवाळीत आणि मे महिन्यात पंधरा-पंधरा दिवस. भावाच्या मनात एक सल होती, "मुलगा असताना पुतण्याकडं राहतात." तो येऊन स्वतः करायला लागल्यावर ती कमी झाली. मागच्या महिन्यात बाप-लेक शेजारी बसून कोळप्याला दांडा बसवत होते. दांडा वाकडा बसला म्हणून बोलणी खाल्ली त्यानं, पण हसत होता.

थोडं कामाचं, ज्यांना लागेल त्यांच्यासाठी:

• एल्डर लाइन १४५६७. ज्येष्ठांसाठी मोफत फोन, सकाळी ८ ते रात्री ८. पेन्शन, कायदा, छळ, एकटेपणा, कशासाठीही.

• ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे दवाखान्यात भरती होऊन घेतलेले उपचार.

• मुख्यमंत्री वयोश्री योजना. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यावर. सध्या अर्ज घेतात का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्या.

• चिडचिड अचानक वाढली, किंवा माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं करायला लागलं, तर स्वभाव म्हणू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, रक्तातलं मीठ कमी होणं, गोळ्यांचा परिणाम, यातलं काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आता दुसरा पावसाळा सरला. आप्पांनी आजपर्यंत "मी इकडं राहायला आलोय" असं एकदाही म्हटलेलं नाही. कुणी विचारलं तर सांगतात, "पावसापुरता आलोय, रान वाळलं की जाणार." आम्ही कुणी त्यांना दुरुस्त करत नाही. आठवड्यातून दोनदा ते माझ्या गाडीवर बसून वस्तीवर जातात, कुलूप उघडतात, झाडलोट करतात, माळवदावर उगवलेलं गवत उपटायला मला वर चढवतात, कुलूप लावून परत येतात. माळवद गळायला लागलंय. या उन्हाळ्यात त्यावर माती टाकायची आहे. तिथं कुणी राहणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी टाकायची आहे.

तुमच्या वस्तीवर असं कुणी असेल तर "कधी येताय राहायला?" हे थोडे दिवस बंद ठेवा. त्याऐवजी रानाचा एक खरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच पाहिजे आहे, आणि ते सांगतील तसं एक काम करून बघा. आणि हो, समोर बसून, जाड आवाजात.

दुसरी कोळपणी दोन आठवड्यांनी. आप्पांनी तारीख सांगून ठेवलीय.